टाकीत राखलेलं बी

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात माशांच्या दुकानांसमोर पाच मिनिटं उभं राहिलं, तरी एक मासा नजरेत भरतो. अंग काळंभोर, शेपूट लालभडक. दुकानदार त्याला रेडटेल शार्क म्हणतात. शार्कशी त्याचं काही नातं नाही. तो रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला, थायलंडच्या नद्यांमधला मासा. जगभरच्या घरांत तो पोहोचला आहे. मात्र ज्या देशातून तो आला, तिथल्या नद्यांतून तो नाहीसा झाला असंच बरीच वर्षं मानलं जात होतं आणि आजही त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींमध्ये आहे. दुकानातले मासे मत्स्यशेतीतून येतात. माद्यांना संप्रेरकाचं इंजेक्शन द्यायचं, हजारो अंडी मिळवायची, पिल्लं मोठी करून पिशव्यांत भरायची. या माशांचे पूर्वज कोणत्या ओढ्यातून पकडले होते, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मासा वाढवला गेला, पण राखला गेला नाही.

बी राखणं म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही. चांगली कणसं बाजूला काढायची, दाण्यांना राख चोळायची, मडक्याचं तोंड शेणामातीने लिंपायचं आणि घरात कितीही ओढाताण असली तरी त्या मडक्याला हात लावायचा नाही. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम गावोगावच्या वाणांसाठी केलं, म्हणून लोक त्यांना बीजमाता म्हणतात. आपल्याकडचं बी किडलं तर शेजारच्या घरून पसाभर आणायचं आणि पुढच्या वर्षी परत करायचं, ही त्या कामातली खरी शहाणी रीत. एकाच घरात ठेवलेलं बी एका पावसात जातं, दहा घरांत वाटलेलं टिकतं. माशांच्या बाबतीत अगदी हेच काम जगातली काही हौशी माणसं आपल्या बैठकीच्या खोलीत, गॅरेजमध्ये, जिन्याखालच्या टाकीत करत आली आहेत. त्यांच्या कामाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण मेक्सिकोतलं आहे.

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात ग्वादालाहारा शहराच्या पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवर तेउचित्लान नावाचं छोटं गाव आहे. ग्वाचिमोंतोनेस नावाचे वर्तुळाकार पायऱ्यांचे प्राचीन चौथरे इथलेच. जवळच टकीला ज्वालामुखी उभा आहे. या परिसरात झऱ्यांचं पाणी वर येतं आणि त्यातून तेउचित्लान नदी सुरू होते. नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोदावरी येते. ही त्या मानाने ओढाच. पण या ओढ्यात असे मासे होते, जे जगात दुसरीकडे जवळजवळ कुठेच नव्हते. त्यातला एक बोटाएवढा मासा, नराच्या शेपटीवर चंद्रकोरीसारखा नारिंगी पट्टा. गावकरी त्याला ‘गायितो’ म्हणत, म्हणजे छोटा कोंबडा. शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये त्याचं झूगोनेटिकस टकीला असं बारसं केलं. नाव ज्वालामुखीवरून आलं, मद्यावरून नव्हे.

बारसं झालं तेव्हाच बाळाचा जीव धोक्यात होता. झऱ्यांचं पाणी अडवलं-वळवलं गेलं, नदीत सांडपाणी आलं आणि बाहेरचे मासे सोडले गेले. आपल्याकडे डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडतात, त्याच कुळातला एक परका मासा तिथे माजला. २००१ मध्ये तेउचित्लानजवळ चारेक मीटर रुंदीच्या एका डबक्यात गायितोची एक छोटी वसाहत सापडली. त्यात पूर्ण वाढलेले मासे पन्नासही नव्हते. चार मीटर म्हणजे आपल्या गावाकडच्या एखाद्या लहान आडाएवढी जागा. थोड्याच काळात नदीतून हा मासा संपल्याचं जाहीर झालं.

हा मासा इतक्या सहज का संपला, हे समजण्यासाठी त्याची प्रजननाची पद्धत जवळून पाहायला हवी.

गायितो गुडेइड या कुळातला. या कुळाच्या मेक्सिकोतल्या शाखेत सुमारे चाळीस प्रजाती आहेत आणि त्या सगळ्या अंडी न घालता जिवंत पिल्लं देतात. गप्पीही पिल्लं देतो, पण दोघांत मोठा फरक आहे. गप्पीचं पिल्लू आईच्या पोटात असतं खरं, तरी त्याची शिदोरी मुख्यतः अंड्यातला बलकच. गुडेइडच्या अंड्यात बलक फारच थोडा. पोटातल्या पिल्लाच्या शेवटच्या टोकाकडून, गुदद्वाराजवळून, फितीसारखे धागे फुटतात. आईच्या पोटातल्या द्रवातून पोषण शोषून घेण्याचं काम हे धागे करतात. माणसाच्या नाळेचं काम एका वेगळ्याच वाटेने या माशाने साधलं आहे. जन्माच्या वेळी मादी वनस्पतींच्या आडोशाला थांबते, अंगाला एक हलका झटका देते आणि पिल्लू बाहेर पडतं. क्षणभर ते तळाशी पडून राहतं, मग उसळी मारून वर येतं. भिंगातून पाहिलं तर त्याच्या पोटामागे ते पांढुरके, जवळजवळ पारदर्शक धागे अजून लोंबताना दिसतात. एक-दोन दिवसांत ते आक्रसतात आणि जातात. आई साठ-सत्तर मिलिमीटरच्या आतली, त्या मानाने पिल्लू चांगलंच मोठं असतं आणि जन्मल्यापासून खायला लागतं.

या मोठेपणाची किंमत आहे. पिल्लं थोडी असतात, एका वेळी दहा-पंधरा. पोटातला काळ जवळजवळ दोन महिन्यांचा. आणि गुडेइड मादी नराचं बीज साठवून ठेवू शकत नाही. दर वेतासाठी नव्याने मीलन व्हावं लागतं. गप्पीची एकच मादी तळ्यात पडली, तरी आधी साठवलेल्या बीजावर ती पुन्हा पुन्हा विते आणि तळं भरून टाकते. गायितोची एकटी मादी पोटातलं वेत संपलं की वांझच राहते. वेगाने वाढणारा परका मासा शेजारी आला की या हिशेबात कोण हरणार, हे उघड आहे.

नरमादीच्या भेटीतही या कुळाने एक अजब गोष्ट साधली आहे. यातल्या अनेक प्रजातींत नराच्या शेपटीच्या कडेला पिवळा पट्टा असतो. पाण्यात तो हलला की एखादी अळी वळवळल्यासारखा दिसतो आणि मादी त्यावर झडप घालते. मासियास गार्सिया आणि रामिरेझ या संशोधकांनी २००५ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेला निष्कर्ष असा, की ज्याची सुरुवात मादीला फसवण्यातून झाली, तीच खूण पुढे नराच्या तब्येतीचा खरा पुरावा झाली. एका ओढ्यातला मासा नाहीसा होतो तेव्हा लाखो वर्षं घडत आलेलं असं काहीतरी त्याच्याबरोबर जातं. मला या विषयाची तळमळ वाटते ती या कारणाने. नुसत्या रंगासाठी ती वाटली नसती.

आता ही जबाबदारी घरच्या टाकीत कशी येते ते पाहू. युरोप-अमेरिकेतले काही हौशी पालक दशकानुदशकं गुडेइड मासे ठेवत आले. दुकानात या माशांना फारसा उठाव नव्हता. बोटभर लांबीचा, मादी तर अगदीच राखाडी. गिऱ्हाईक चमकदार रंगाच्या निऑन टेट्रा माशांकडे वळणारच. तरीही या मंडळींनी मासे टिकवले, एकमेकांना दिले, मंडळं काढली. २००९ मध्ये गुडेइड वर्किंग ग्रुप नावाचा गट उभा राहिला, ज्यात हौशी पालक, प्राणिसंग्रहालयांतली माणसं आणि संशोधक एकाच यादीवर काम करतात: कोणती प्रजाती कुणाकडे, कुठल्या जागेची, किती मासे.

यातलं रोजचं काम कुणालाही जमेल असं आहे, आणि म्हणूनच ते चुकतंही. पाणी दर आठवड्याला थोडं बदलायचं. हीटर लावायचा नाही, किंवा अगदी बेताने; उंचावरच्या झऱ्यांत वाढलेल्या या माशांना वर्षभर ऊबदार पाण्यात ठेवलं तर ते भराभर वाढतात आणि लवकर मरतात. हिवाळ्यात पाणी गार होऊ द्यायचं, तोच त्यांचा विसाव्याचा काळ. जोडीने ठेवायचे नाहीत, कळपाने ठेवायचे. शंभर लिटरच्या टाकीत लहानमोठे वीस-पंचवीस मासे, भरपूर शेवाळ आणि पाणवनस्पती, म्हणजे पिल्लांना लपायला जागा मिळते.

यापुढची शिस्त मात्र हौशी माणसाच्या स्वभावाविरुद्ध जाते. ज्याने गप्पी पाळले आहेत, त्याचा हात आपोआप सर्वांत देखण्या नराकडे जातो. मोठी शेपटी, गडद रंग. त्याचीच पिल्लं वाढवायची, बाकीचे कुणाला तरी देऊन टाकायचे. असं करत गेलं की दहा-बारा पिढ्यांत मासा माणसाच्या आवडीचा होतो आणि नदीला परका होतो. प्रजाती राखणाऱ्याने निवड करायचीच नाही. फिकट नर, बारकी मादी, आळशी, भित्रा, सगळे ठेवायचे. एखाद्या कोरड्या वर्षी नदीत तगला असता तो मासा कदाचित हा भित्राच असेल. ते ठरवण्याचा अधिकार आपण घ्यायचा नाही. दर काही वर्षांनी त्याच जागेचे मासे दुसऱ्या पालकाकडून आणून मिसळायचे, म्हणजे भावाबहिणींच्या संकराने वाण कमजोर होत नाही. आणि दुसऱ्या जागेचे मासे, हुबेहूब तसेच दिसत असले तरी, चुकूनही मिसळायचे नाहीत.

हे शेवटचं कलम अनेकांना अतिरेकी वाटायचं. लाल शेपटीचा गुडेइड, शास्त्रीय भाषेत झेनोटोका आयसेनी, हा या कुळातला त्यातल्या त्यात लोकप्रिय मासा. तो मेक्सिकोच्या वेगवेगळ्या नद्यांतून वेगवेगळ्या वेळी आणला गेला होता. काही पालकांनी टाकीवर जागेचं नाव लिहून ठेवलं, काहींनी ‘लाल शेपटी’ एवढंच लिहून सगळे एकत्र केले. २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की एक समजली जाणारी ही प्रजाती प्रत्यक्षात तीन आहेत, आणि झेनोटोका डोआद्रिओई व झेनोटोका लायोन्साय अशा दोन नव्या प्रजाती जाहीर केल्या. ज्यांच्या टाकीवर चिठ्ठी होती, त्यांना त्या दिवशी कळलं की आपण एका दुर्मीळ प्रजातीचं बी राखून आहोत. ज्यांनी मिसळले होते त्यांच्याकडे उरले ते सुंदर, निरोगी, पण कुठल्याच नदीत परत न जाऊ शकणारे मासे. काचेला चिकटवलेल्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं गावाचं नाव आणि साल यांची किंमत इतकी मोठी असते.

या चिठ्ठीचं महत्त्व आपल्या मातीतल्या एका उदाहरणाने आणखी पटतं. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या महसीरला ‘खुद्री’ हे नाव देऊन शास्त्रात आणलं. धरणं, प्रदूषण आणि सुरुंगाने मासे मारण्याची रीत यांनी हा मासा विरळ झाला, तेव्हा १९७० च्या दशकात लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यकेंद्रात त्याचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. मोठ्या निष्ठेने झालेलं काम होतं ते, आणि या माशाला त्याचा फायदाही झाला. आज खुद्री महसीर धोक्याच्या यादीबाहेर आहे. पण या महसीरची पिल्लं ज्या दूरदूरच्या नद्यांत सोडली गेली, त्यांत कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीला उंचवटा असलेला, पन्नास किलोच्या पुढे जाणारा प्रचंड मासा. बाहेरून आलेला महसीर तिथे वाढला आणि कावेरीचा स्वतःचा झपाट्याने घटला. तो स्वतंत्र प्रजातीचा, टॉर रेमादेवी, हे २०१८ मध्ये निश्चित झालं आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. पिल्लं सोडणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. ‘महसीर तो महसीर’ हा समज तेव्हा सगळ्यांचाच होता. मासे वाढवण्याचं तंत्र हाती येणं आणि कोणता मासा कुठला हे माहीत असणं, ही दोन वेगळी ज्ञानं आहेत, आणि दुसऱ्याशिवाय पहिलं घातक ठरू शकतं.

घरातल्या टाकीतला मासा, कितीही प्रेमापोटी, जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडू नये, हे मी इथेच निक्षून सांगतो. विसर्जनाची भावना मनात असते, मुलांना मासा मारवत नाही, हे मी समजू शकतो. तो मासा दुसऱ्या पालकाला द्यावा.

नाव-गावासह राखावं असं बी आपल्याकडेही आहे. कोल्हापूरकडच्या आणि एकूणच कृष्णेच्या वरच्या खोऱ्यातल्या नद्यांत झेब्रा लोच म्हणून जगभर विकला जाणारा एक पट्टेरी मासा आहे, बोटिया स्ट्रायटा. तो संकटग्रस्त आहे. २००५ ते २०१२ या काळात भारतातून शोभेसाठी निर्यात झालेल्या धोक्यातल्या माशांत केरळच्या डेनिसन बार्बबरोबर सर्वांत वरच्या आकड्यांत तो होता, आणि हे मासे मुख्यतः नदीतूनच धरलेले. म्हणजे सह्याद्रीचा मासा परदेशातल्या हजारो टाक्यांत आहे. तेउचित्लानच्या माशांना जे भाग्य लाभलं, नाव-गाव लिहून सांभाळणारी माणसं, ते याच्या वाट्याला यावं असं मला मनापासून वाटतं. यासाठी लागणारी नजर आणि चिकाटी पुण्या-कोल्हापूरच्या मत्स्यप्रेमींकडे आहे.

वेळ निघून गेली की काय होतं, याची एक आठवण मादागास्करची. मांगाराहारा नदीतल्या सिक्लिड माशाचे प्राणिसंग्रहालयांत तीन मासे उरले, दोन लंडनला, एक बर्लिनला, आणि तिघेही नर. २०१३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगातल्या मत्स्यपालकांना जाहीर हाक दिली: कुणाकडे या माशाची मादी आहे का? टाक्यांत मादी मिळाली नाही. त्याच वर्षअखेर एका मोहिमेला मादागास्करमध्ये, मूळ नदीपासून तुटलेल्या एका प्रवाहात, अठरा मासे जिवंत सापडले आणि वंश थोडक्यात वाचला. अशा वेळी एखाद्या घरातल्या टाकीत चार माद्या असत्या, तर हाक देण्याची वेळच आली नसती.

गायितोच्या बाबतीत माद्या होत्या. ज्या १९९८ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, त्याच साली आयव्हन डिबल नावाचे इंग्रज मत्स्यपालक मेक्सिकोतल्या मोरेलिया शहरात आले. मिचोआकान विद्यापीठाच्या जलजीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी त्यांनी इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाकडून या माशाच्या पाच जोड्या आणल्या होत्या. दहा मासे. इंग्लंडमधल्या टाकीत जन्मलेले, आजोळी परतलेले. पुढची पंधरा वर्षं प्रयोगशाळेतल्या माणसांनी त्यांची वसाहत सांभाळली. नदीत आता तो मासा नव्हता, आणि या दहांच्या वंशावर सगळी भिस्त होती.

पंधरा वर्षं टाकीत राहिलेल्या माशाला सरळ नदीत सोडता येत नाही. त्याला वरून येणारी बगळ्याची सावली माहीत नसते. रोज ठरावीक वेळी वरून खाणं पडतं, एवढंच त्याचं जग. म्हणून त्या विद्यापीठातले संशोधक ओमार डोमिंगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस नर आणि चाळीस माद्या विद्यापीठाच्या आवारातल्या मोठ्या कृत्रिम तळ्यांत सोडल्या. तिथे अन्न कधी भरपूर, कधी नाही. परजीवी होते, प्रतिस्पर्धी मासे होते. पक्षी, कासवं आणि साप येऊन खात होते. चार वर्षांनी त्या ऐंशींचे अंदाजे दहा हजार झाले होते. जे उरले ते पळायला शिकलेल्या आईबापांचे होते.

दरम्यान तेउचित्लानमध्ये नदीचा अभ्यास चालू होता: पाण्याची प्रत, तळाचे किडे, परके मासे, ऋतूंप्रमाणे बदलणारी पातळी. गावातल्या शाळकरी मुलांना आणि मोठ्यांना बरोबर घेऊन ‘नदीचे राखणदार’ असा गट तयार झाला. खर्चाचा भार उचलणाऱ्यांत चेस्टर प्राणिसंग्रहालय होतं, तशीच ब्रिटन, अमेरिका आणि स्कँडिनेव्हियातल्या हौशी पालकांची छोटी मंडळंही होती. मग सुमारे दीड हजार मासे नदीत सोडले गेले. सहा महिन्यांत त्यांची संख्या ५५ टक्क्यांनी वाढली आणि ते नदीच्या आणखी एका भागात पसरले.

त्याच नदीत आणखी एक मासा होता, सोनेरी स्किफिया. शास्त्रीय नाव स्किफिया फ्रान्सेसे. मेक्सिकोच्या माशांवर आयुष्य घालवलेल्या रॉबर्ट रश मिलर यांच्या पत्नी फ्रान्सेस यांच्यावरून १९७८ मध्ये ठेवलेलं. नाव मिळाल्यावर थोड्याच काळात तो नदीतून गेला आणि पुढे कितीतरी वर्षं फक्त टाक्यांत जगला. गायितो परतल्यावर त्याची पाळी आली. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये, मेक्सिकोच्या मृतांच्या दिवशी, बाराशे स्किफिया तेउचित्लान नदीत सोडले. तिथले लोक या दिवशी घराघरात झेंडूच्या फुलांची वाट घालतात, गेलेल्यांच्या आवडीचे पदार्थ मांडतात आणि ते जेवायला येतील म्हणून वाट पाहतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येसारखंच. नदीवर त्या दिवशी गावची मुलं आली होती. त्यांच्या आजोबांच्या लहानपणी या पाण्यात असलेला मासा ती पहिल्यांदाच नदीत पाहत होती.